डोंगरवाटेसाठी जुनी टू-स्ट्रोक घेताना

बारावीचा निकाल लागला त्या रात्री आमच्या थोरल्याने दस्तरखानवरच विषय काढला. "मुझे एक गाडी लेनी है. पुरानी, टू-स्ट्रोक. डोंगर में चलाने के लिए." पैसे त्याने स्वतः साठवले होते. दोन वर्षे लहान मुलांच्या शिकवण्या घेऊन, सुट्टीत मामूंच्या गॅरेजमध्ये हाताखाली काम करून आणि ईदी न खर्चता त्याच्याकडे सव्वीस हजार रुपये जमले होते. बोलताना त्याचा चेहरा उजळला होता. त्याच्या दादीने मात्र हातातला घास ताटात ठेवला, हात धुतले आणि त्या आत निघून गेल्या.

मुलाला कारण पुरते माहीत नव्हते. त्या रात्री ते सांगावे लागले. १९९६ च्या उन्हाळ्यात घरातल्या धाकट्याने, म्हणजे मुलांच्या चाचाने, अशीच एक जुनी टू-स्ट्रोक घेतली होती. वय वीस. रंगरंगोटी केलेली गाडी, दोन दिवस झकास चालली. तिसऱ्या दिवशी अंबाजोगाईहून परळीकडे घाट उतरताना इंजिन जाम झाले, मागचे चाक जागच्या जागी अडकले. डोक्यावर हेल्मेट नव्हते. अकराव्या दिवशी तो गेला. पुढे कळले, ते इंजिन आधीही दोनदा जाम झाले होते आणि विकणाऱ्याला ते ठाऊक होते. त्याने सांगितले नाही, आमच्याकडून कुणी विचारले नाही.

तेव्हापासून आमच्या घरात त्या आवाजाची गाडी आली नव्हती. आम्ही दोघे शाळेत शिकवतो. शेजारच्या वर्गात खोडी निघाली तर दम देऊन मिटवता येते. अठरा वर्षांच्या मुलाला दम देऊन काय मिटणार? आज नाही म्हटले तर उद्या तो मित्राची गाडी घेऊन जाईल. म्हणून आम्ही ठरवले की नाही म्हणण्याआधी गाडी समजून घ्यायची. पुढचे दोन महिने आम्ही जे पाहिले, विचारले आणि शिकलो ते वाचक बंधू-भगिनींसमोर ठेवत आहोत. घरात अठरा-वीस वर्षांचा मुलगा असलेल्या कुटुंबांना ते उपयोगी पडेल असे वाटते.

हट्ट की गरज?

पहिला प्रश्न मुलालाच विचारला. टू-स्ट्रोकच का?

त्याचे उत्तर अगदीच पोरकट नव्हते. नानांचे शेत घाटाच्या वरच्या अंगाला आहे. डांबरी रस्ता सुटल्यावर बैलगाडीची वाट, तीन ओढे, मुरूम, मग बोरी-बाभळी आणि पळसाची झाडी. बालाघाटच्या या रांगा उंचीने फार नाहीत, पण दगडाने भरलेल्या आहेत. जड गाडी तिथे पडली की एकट्याने उचलत नाही. हलकी, कमी उंचीची, बिघडली तर बांधावर बसून उघडता येईल अशी गाडी त्याला हवी होती. मामूंच्या गॅरेजमध्ये राहून तो एवढे शिकला होता की जुन्या टू-स्ट्रोकचे इंजिन पान्यांच्या एका पिशवीवर खोलता येते.

आणि हौसही होतीच. जानेवारी २०२४ मध्ये पुण्याच्या बालेवाडी क्रीडा संकुलात सुपरक्रॉसची लीग झाली, तिचे व्हिडिओ पाहून आमच्या गल्लीतली निम्मी पोरे मातीत उड्या मारण्याची स्वप्ने पाहू लागली. हौस असणे गुन्हा नाही. फक्त ती कुठे, कशावर आणि कुणाच्या जिवावर, हे घरच्यांनी विचारायला हवे.

खऱ्या डर्ट बाइकचा विचार आम्ही लवकर सोडला. कावासाकीच्या केएक्स मालिकेसारख्या स्पर्धेच्या गाड्यांची किंमत लाखांत जाते. शिवाय त्यांची आरटीओकडे नोंदणी होत नाही. त्या फक्त बंदिस्त मैदानावर चालवायच्या. घरापासून शेतापर्यंत नेताना रस्ता लागतोच, म्हणजे टेम्पोत घालून न्यावी लागेल. ऑनलाइन मिळणाऱ्या ४९ सीसीच्या खेळण्यासारख्या डर्ट बाइकांचीही गत तीच. वर त्यांचा एक नट हरवला तर परळीत मिळणार नाही. चार-स्ट्रोकमध्ये हिरोची एक्सपल्स २०० डोंगरासाठी चांगली गाडी आहे, पण तिचे वजन दीडशे किलोच्या पुढे आणि जुनीसुद्धा आमच्या सव्वीस हजारांत बसणारी नाही. उरली ती आपल्याकडे एकेकाळी घरोघरी असलेली जुनी टू-स्ट्रोक.

टू-स्ट्रोक म्हणजे नेमके काय?

चार-स्ट्रोक इंजिनात पिस्टन दोनदा वर-खाली झाला की एकदा स्फोट होतो. टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीला होतो. व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही. सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्या पिस्टन स्वतःच उघडतो आणि झाकतो. म्हणून इंजिन लहान, हलके आणि ताकदीला तिखट. यामाहा आरएक्स १०० चे इंजिन अवघे ९८ सीसीचे, पण ताकद ११ अश्वशक्ती. गाडीचे वजन शंभर किलोच्या आसपास. १९८५ ते १९९६ या काळात बनलेल्या या गाडीचे नाव आजही पोरे का घेतात ते यावरून कळते.

याची दुसरी बाजूही आहे. या इंजिनात पेट्रोल आधी खाली क्रँकच्या पेटीत येते, मग वर जाते. त्यामुळे त्या पेटीत चार-स्ट्रोकसारखे ऑइल भरून ठेवता येत नाही. पेट्रोलसोबत जे टू-टी ऑइल जाते तेवढ्यावरच क्रँक, बेअरिंग आणि पिस्टन जगतात. ऑइल कमी पडले, किंवा कुठून तरी फाजील हवा आत शिरून मिश्रण पातळ झाले, की पिस्टन तापतो, फुगतो आणि सिलिंडरला घट्ट धरतो. यालाच मिस्त्री लोक इंजिन 'सीज' झाले म्हणतात. चाचाच्या गाडीचे हेच झाले होते. तीस वर्षे जी गोष्ट आमच्या घरात फक्त नशीब म्हणून सांगितली गेली, तिला एक कारण होते आणि ते कारण आधी ओळखता आले असते. हे समजले त्या दिवशी आम्ही बराच वेळ गप्प होतो.

तिसरी गोष्ट धुराची. थोडे पेट्रोल न जळताच बाहेर जाते, ऑइलही जळते. म्हणूनच प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तशा या गाड्या बाजारातून गेल्या. आरएक्स १३५ चे उत्पादन २००५ मध्ये थांबले. खेड्यापाड्यांत पोती वाहणारी टीव्हीएस एक्सएलसुद्धा पुढे चार-स्ट्रोक झाली. तेव्हा आज मिळणारी टू-स्ट्रोक मोटारसायकल किमान वीस वर्षांची असणार, हे धरूनच बाजारात उतरावे.

तीन गाड्या पाहिल्या

मामू बरोबर होते. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावले, "भांजे, पहले कागज, फिर इंजन, रंग सब से आखिर में."

पहिली गाडी आरएक्स १००. नवा रंग, चकचकीत टाकी, कापलेला सायलेन्सर. मालक पंचाऐंशी हजार म्हणाला. आम्हाला वाटले ऐकण्यात चूक झाली; नाही, या गाडीला हौशी लोक हल्ली एवढे देतात. मामूंनी हँडलच्या मानेजवळचा चेसिस नंबर कपड्याने पुसला, तर आकडे घासलेले. आरसी मागितली तर तिची मुदत २०१८ मध्येच संपलेली. मामूंनी सलाम केला आणि आम्ही निघालो. थोरला रस्ताभर बोलला नाही. घासलेल्या नंबरची गाडी चोरीची असेलच असे नाही, पण नसेल हे सिद्ध करण्याचे काम घेणाऱ्यावर येते.

दुसरी गाडी एका वस्तीवर, चौदा हजारांत. सुझुकी शोगन, पळायला जबरदस्त. पण मूळ मालक वारलेला, कागद त्याच्याच नावावर आणि वारस पाच. मालकाच्या मृत्यूनंतर गाडी आधी वारसाच्या नावावर करावी लागते. त्याचा नमुना ३१ वेगळा असतो. पाच भावंडांपैकी दोघे ऊसतोडीला कर्नाटकात गेलेले. चांगली माणसे होती, चहा पाजला. पण त्यांच्या घरातला गुंता सुटेपर्यंत आम्ही ती गाडी घेऊ शकत नव्हतो. शिवाय शोगनचे सुटे भाग आता शोधत फिरावे लागतात.

तिसरी गाडी परळीतच मिळाली. औष्णिक विद्युत केंद्रातून निवृत्त झालेले एक काका. १९९९ साली त्यांनी स्वतः नवी घेतलेली टीव्हीएस-सुझुकी मॅक्स १००. रंग उडालेला, सीट फाटलेली, टाकीवर पोचा. पण एकच मालक आणि आरसीचे नूतनीकरण २०१४, २०१९ आणि २०२४ मध्ये वेळच्या वेळी केलेले. गाडीला किक मारण्याआधीच काका म्हणाले, "गुरुजी, आधीच सांगतो. दुसरा गिअर चढावर निसटतो. आणि सकाळी पहिल्यांदा चालू केली की पांढरा धूर जरा जास्त येतो. पोराला द्यायची आहे म्हणता, म्हणून लपवत नाही."

मालातला ऐब सांगून माल विकावा ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. ती त्या दिवशी आम्ही एका शेजारधर्माच्या माणसाच्या अंगणात पाहिली. मामू हळूच म्हणाले, "जो दो ऐब बताया, वो तीसरा नहीं छुपाएगा." तरीही त्यांनी दीड तास गाडी तपासली. विश्वास ठेवला तरी तपासणे सोडायचे नाही.

तपासायचे कसे?

मामूंनी जे केले ते आम्ही वहीत लिहून घेतले. तेच इथे क्रमाने देतो.

१) इंजिन थंड असताना जा. पोचताच सिलिंडरला हात लावून पाहा. गरम लागला तर मालकाने आधीच चालू करून ठेवली आहे. थंड इंजिनाचे दुखणे त्याला दाखवायचे नाही.

२) किक हाताने दाबा. इंजिन चालू न करता किक हळूहळू खाली न्या. एका जागी ती अडली पाहिजे, जोर लावावा लागला पाहिजे. लोण्यात सुरी जावी तशी गेली तर पिस्टन-रिंग झिजल्या आहेत.

३) पिस्टन कोणता आहे ते विचारा. सिलिंडर झिजला की तो थोडा मोठा करून मोठा पिस्टन बसवतात: पाव, अर्धा, पाऊण आणि एक मिलिमीटर. मिस्त्री त्याला २५, ५०, ७५, १०० म्हणतात. १०० चा पिस्टन बसून झाला असेल तर पुढच्या वेळी नवा स्लीव्ह किंवा अख्खा सिलिंडर लागेल. तो खर्च किमतीतून वजा करा.

४) प्लग काढून रंग पाहा. कॉफीसारखा तपकिरी असेल तर ठीक. काळा, ओला असेल तर ऑइल किंवा पेट्रोल जास्त जाते आहे. ते दुरुस्त होते. पांढराफटक असेल तर सावध व्हा. मिश्रण पातळ आहे, म्हणजे कुठून तरी हवा शिरते आहे आणि इंजिन सीज होण्याच्या वाटेवर आहे.

५) क्रँकचे सील. दोन बाजूंना दोन रबरी सील असतात. मॅग्नेटोच्या बाजूचे फाटले तर हवा आत जाते. खूण अशी की अ‍ॅक्सिलेटर सोडला तरी इंजिनचा आवाज लवकर खाली येत नाही, वरच घुमत राहतो. क्लचच्या बाजूचे फाटले तर गिअरचे ऑइल ओढले जाते. दाट पांढरा धूर येतो आणि गिअरबॉक्समधले ऑइल कमी होत जाते. काकांच्या गाडीत हेच होते. सील स्वस्त आहेत, पण बसवायला इंजिन उघडावे लागते.

६) आवाज ऐका. थंड असताना पिस्टन थोडा वाजला तर चालते. पण आतून खोल ठकठक येत असेल, रॉड वाजत असेल, तर क्रँक बाहेर काढावा लागेल. तो खर्च मोठा.

७) टू-टी ऑइल. काही गाड्यांत ऑइलची वेगळी टाकी आणि पंप असतो, काहींत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचे. पंप असेल तर तो चालतो की काढून टाकला आहे, हे विचारा. मिसळायचे असेल तर गाडीच्या पुस्तिकेतले प्रमाण धरा. पन्नासास एक म्हणजे लिटरला २० मिली, एवढे गणित घरातल्या प्रत्येकाला यायला हवे. अंदाजाने ओतू नका.

८) सांगाडा. डोंगरात चालवायची गाडी म्हणून इथे घाई नको. चेसिसला वेल्डिंग आहे का? हँडल सोडून गाडी एका बाजूला ओढते का? पुढचे चाक उचलून हँडल फिरवा. कोनसेट अडकत असेल तर बदलावा लागेल. मागचे चाक धरून आडवे हलवा. चिमट्याचे बुश झिजले असतील तर कळेल. शॉकअपमधून ऑइल गळते का, रिम वाकली आहे का, तारा सैल आहेत का, तेही पाहा.

९) एअर फिल्टर. परळीची राख आणि धूळ आपल्याला माहीत आहे. फिल्टर फाटलेला किंवा काढून टाकलेला असेल तर ती धूळ थेट सिलिंडरमध्ये गेली आहे असे समजा.

१०) चढावर चालवून पाहा. सपाट रस्त्यावर प्रत्येक गाडी चांगली वाटते. दुसऱ्या गिअरमध्ये चढ घ्या. गिअर निसटतो का, क्लच सरकतो का, हे तिथेच कळते.

कागदांची गोष्ट

आमच्यासारख्या पगारदार माणसाला इंजिनपेक्षा कागद समजायला सोपे, म्हणून हे काम आम्ही स्वतःकडे घेतले. आरसीवरचा चेसिस आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरशी अक्षर-अक्षर जुळवला. परिवहन खात्याच्या अ‍ॅपवर मुदत, विमा आणि कर्जाचा बोजा पाहिला. नावावर करण्यासाठी नमुना २९ आणि ३० लागतात. त्यांवर विकणाऱ्याच्या सह्या समोर घ्याव्यात, कोऱ्या फॉर्मवर नाही. पंधरा वर्षांनंतर आरसीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून दुचाकीसाठी ३०० वरून १,००० रुपये झाली. गाडी जितकी जुनी तितका आजचा दर आरटीओत विचारून घेतलेला बरा. २०१९ च्या एप्रिलपूर्वीच्या गाड्यांना नवी सुरक्षित नंबरप्लेट बसवावी लागते, तिचे ४५० रुपये अधिक जीएसटी. काकांच्या गाडीचा नंबर एमएच २३, म्हणजे बीडचा. आता आपला तालुका अंबाजोगाईच्या एमएच ४४ मध्ये येतो, म्हणून काम अंबाजोगाईला झाले.

पालकांसाठी एक गोष्ट वेगळी सांगतो. अठरा वर्षांखालच्या मुलाने गिअरची मोटारसायकल चालवली तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि त्या मुलाला पंचवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत परवाना मिळत नाही. आमचा धाकटा पंधराचा आहे. थोरल्याच्या गाडीची चावी त्याच्या हाती लागू नये म्हणून ती कपाटात असते.

हिशेब

काका चोवीस हजार म्हणाले होते. दुरुस्तीचा अंदाज समोर ठेवला आणि एकोणीस हजारांवर ठरले. त्यानंतरचा खर्च असा: बोर आणि पिस्टन ३,४००, क्रँकचे सील व बेअरिंग २,१००, दुसरा गिअर १,८००, चेन आणि स्प्रॉकेट १,६००, मातीत धरणारे मोठ्या नक्षीचे दोन टायर ४,३००, हेल्मेट, हातमोजे, गुडघ्याचे पॅड आणि घोट्यावर येणारे बूट ४,६००, विमा, नाव बदलणे आणि नंबरप्लेट २,६००. मजुरी मामूंनी घेतली नाही. भाच्याने स्वतः हात काळे केले. एकूण ३९,४०० रुपये.

म्हणजे गाडीच्या किमतीएवढीच रक्कम वर लागली. जुनी गाडी घेणाऱ्याने हा धडा लक्षात ठेवावा: हातात असलेल्या सगळ्या पैशांची गाडी कधी घेऊ नये. थोरल्याला १३,४०० रुपये कमी पडले. ते आम्ही कर्ज-ए-हसना म्हणून दिले. व्याज नाही, पण वहीत नोंद आहे. तो शिकवण्यांतून दरमहा हजार फेडतो. हेल्मेटच्या बाबतीत मात्र आम्ही त्याचे ऐकले नाही. त्याला साडेसातशेचे टोपीवजा हवे होते. आम्ही आयएसआय शिक्क्याचे, हनुवटी झाकणारे घेतले.

झाडी कुणाची?

बीड जिल्ह्यात जंगल आधीच थोडे. जे आहे त्यातले राखीव वन हे वनखात्याचे. तिथे परवानगीशिवाय गाडी नेणे हा गुन्हा आहे. पाटोदा तालुक्यातल्या नायगाव मयूर अभयारण्याकडे तर हा खेळ घेऊन जाण्याचा विचारही नको. थोरल्यासाठी आम्ही वाट ठरवून दिली: बैलगाडीची वहिवाट, नानांचा बांध आणि ज्या शेतकऱ्यांनी हो म्हटले त्यांची पडीक जमीन. पेरणीपासून काढणीपर्यंत दुसऱ्याच्या रानातून जायचे नाही. पावसात भिजलेल्या वाटेवर चाकाने चर पडतो आणि पुढच्या पावसात तिथूनच माती वाहते, म्हणून मोठ्या पावसानंतर दोन दिवस गाडी घरी. फाल्गुन-चैत्रात गवत वाळलेले असते. तापलेला सायलेन्सर गवतात टेकवून गाडी उभी करायची नाही. सायलेन्सर कापायचा नाही. तो कापल्याने ताकद वाढते हा गैरसमज आहे. टू-स्ट्रोकच्या सायलेन्सरचा आकारच ताकदीसाठी बनवलेला असतो. वाढतो तो फक्त आवाज, आणि शेजारच्या घरात कुणी आजारी असते, कुणी नमाजला उभे असते, कुणी अभ्यासाला बसलेले असते.

चालवण्याचे दोन नियम मामूंचे. पहिला: टू-स्ट्रोकला इंजिनचा ब्रेक फारसा लागत नाही आणि लांब उतारावर अ‍ॅक्सिलेटर बंद ठेवला तर ऑइलही आत जात नाही. म्हणून उतारावर मधूनमधून थोडा अ‍ॅक्सिलेटर द्यायचा. ओढा ओलांडल्यावर भिजलेले ब्रेक धरत नाहीत. हळू चालवत दोन-तीनदा हलके दाबून ते कोरडे करायचे. दुसरा: दोन बोटे कायम क्लचवर. इंजिनचा आवाज अचानक जड झाला, गाडीने मागे ओढ घेतली, की त्याच क्षणी क्लच दाबायचा. क्लच दाबला की जाम झालेल्या इंजिनाचा चाकाशी संबंध तुटतो आणि चाक फिरत राहते.

हा दुसरा नियम मामू अंगणात सांगत होते तेव्हा दादी दारात उभ्या होत्या. त्यांनी विचारले, "इतनाच था? क्लच दबाने का?" मामूंनी मान खाली घातली. थोड्या वेळाने म्हणाले, "हां अम्मां. इतनाच. मगर उसको किसी ने बताया नहीं था." दादी आत गेल्या. मोकळ्या अंगणात थोरल्याने त्या दिवशी पन्नास वेळा तरी गाडी चालू करून क्लच दाबण्याचा सराव केला असेल.

दादींनी अजून हो म्हटलेले नाही, आणि आम्ही विचारतही नाही. दर रविवारी थोरला फजरनंतर निघतो. कुठल्या वाटेने जाणार ते सांगतो, एकटा जात नाही, आणि मगरिबच्या आधी परत येतो. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी त्या इंजिनचा आवाज आला की दादी तसबीह खाली ठेवतात आणि वजूला उठतात.

वाचकांना एवढेच सांगावेसे वाटते. मुलगा गाडी मागतो तेव्हा हो किंवा नाही म्हणण्याआधी त्याच्याबरोबर ती गाडी पाहायला जा. हाताला काळे लागू द्या. विकणाऱ्याला विचारायला लाजू नका. आणि आपली जुनी गाडी कधी विकायची वेळ आली, तर घेणाऱ्याच्या मुलाकडे एकदा पाहा आणि दुसरा गिअर निसटतो हे त्याला आधीच सांगा.